माळवदावरची कोथिंबीर

आजही बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेतली की मी आधी मागं-पुढं बघते. घरातले हसतात. हसोत बापडे. त्यांना काय ठाऊक, की ह्या कोथिंबिरीपायी एका वर्षी मला नवऱ्याचं बिऱ्हाड सोडून गावी परत जावं लागणार होतं, आणि तेही नवऱ्याला मागं ठेवून.

गोष्ट मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली. तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आमच्यापर्यंत ती पोचली एवढीच, की घासलेट मिळेनासं झालं आणि धान्याची सरकारी वसुली करणारे लेव्हीवाले घराघरांत येऊन कणगीत हात घालायला लागले. मी साखऱ्याला दिलेली. घरात सासू आणि तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे. सासरे माझ्या लग्नाआधीच वारलेले. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई उंच, काटक, आणि आवाज असा की बांधावरून आपल्या गड्याला हाक मारली तर शेजारच्या रानातला गडीही काम टाकून उभा राही. कोरडवाहू जमीन त्या बाईनं एकटीनं कसली होती आणि कुणापुढं मान म्हणून वाकवली नव्हती.

त्यांचा एक कायदा होता. मीठ आणि कापड सोडलं तर बाजारातून काही आणायचं नाही. त्यात हिरवं तर नाहीच नाही. परसात विहीर नव्हती, पण न्हाणीच्या सांडपाण्यावर कोथिंबीर, मेथी, पानओवा, गवती चहा, सगळं कसं डुलत असायचं. गावातल्या एका घरानं पाहुणे आले म्हणून हिंगोलीच्या बाजारातून कोथिंबीर आणली होती. पुढं कितीतरी दिवस त्या घराचं नाव निघालं की आत्याबाई पदर तोंडाला लावायच्या, तिथं कुणी वारल्यासारख्या.

ह्यांना मोडी येत होती, उर्दू येत होती, आकडेमोड तोंडावर होती. वसमतच्या एका हळदीच्या अडतीवर मुनीम हवा होता, तिथं ह्यांचं जमलं. ही बातमी आईला सांगायला ह्यांना जेवणाची वेळ सापडली. ताटाकडं बघत म्हणाले, "आई, मला वसमतला ठेवून घेऊन राहिले."

"मंग जा की. मी कुठं धरून ठिवलं?"

"आन... हिलाबी नेतो म्हनतो."

आत्याबाईंचा हात तव्यावरच थांबला. भाकरी करपली, घरात धूर झाला, तरी त्यांनी ती उलटली नाही. मग म्हणाल्या, "कुठं ऱ्हानार? अडतीच्या माडीवर? तिथं मूठभर माती तरी हाय का? कोथिंबिरीच्या काडीसाठी बाजारात पदर पसरनार व्हय माझी सून?"

मी मुळातच तोंडाळ. गप्प बसायचं सोडून म्हटलं, "माडीवरच लावीन की वो आत्याबाई. डब्यात लावीन, मडक्यात लावीन. कशातबी लावीन."

त्या हसल्या. खो खो हसल्या. डब्यातलं रान म्हणे! हसणं संपल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "बराबर. मंग माझंबी ऐक. संक्रांतीला मी येते वसमतला. भोगीचं जेवन तुझ्या हातचं खाते. वांगं, घाटे, शेंगा माझ्या रानातनं आनीन. पन वरचं हिरवं समदं तुझ्या दारचं पायजे. निगालं तर ऱ्हा तिथं सुखानं. न्हाई निगालं तर माझ्यासंगं आगगाडीत बसायचं. त्यो खाईल खानावळीत."

हे म्हणाले, "बराबर." हे कुणालाही बराबरच म्हणायचे. त्याच गुणावर ह्यांना अडतीवर घेतलं असणार, असं मला पुष्कळदा वाटलं.

पोळा झाल्यावर आम्ही निघालो. आत्याबाई बैलगाडीतून हिंगोलीच्या स्टेशनापर्यंत पोचवायला आल्या. गाडीत आमचं सामान थोडं आणि गोण्या जास्त. गोण्यांत माती! आमच्या रानातली काळी, ढेकळं फोडून, चाळून भरलेली. "परक्या मातीत माझ्या सुनेनं बी टाकायचं न्हाई," म्हणाल्या. फलाटावर एक लेव्हीवाला टपूनच बसलेला. भरलेल्या गोण्या बघितल्या आणि त्याचे डोळे लकाकले. धान्य चोरून नेत असणार, असं धरून त्यानं गोणीत कोपरापर्यंत हात खुपसला. बाहेर आला तो काळा. "मिट्टी? मिट्टी कायकू?" बिचाऱ्याला काही उमजेना.

आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या सुनेची हाय. तुला पायजे का? घे मूठभर, लाव काईतरी. नुसताच हिंडून राहिला."

सगळा फलाट हसला. लेव्हीवालाही शेवटी हसला आणि गोण्या त्यानंच डब्यात चढवून दिल्या.

वसमतची आमची खोली अडतीच्या वखारीवर होती. खाली हळद, जिन्यात हळद, हवेत हळद. ह्यांचे कानसुद्धा पिवळे झाले होते. खोलीच्या दाराबाहेर मात्र मोकळं माळवद होतं, म्हणजे पांढऱ्या मातीचं सपाट धाबं, कडेनं गुडघ्याएवढा कठडा. दिवसभर ऊन. मी त्यावर पहिलं पाऊल ठेवलं आणि मनात म्हटलं, हेच आपलं रान. आता बघते संक्रांतीला कोण आगगाडीत बसतंय ते.

मग मी भांडी जमवायच्या मागं लागले. घासलेट महाग झालेलं, तसे त्याचे डबेही लोक जपून ठेवायचे. पण गळका डबा कुणाला हवा? ते मी मागून आणले. चिरलेली घागर, बूड गेलेलं घमेलं, फुटक्या रांजणाचा खालचा अर्धा भाग, कान तुटलेलं लोखंडी कढलं, काही म्हणून सोडलं नाही. ह्यांना रस्त्यात एक जुनी तुटकी बादली दिसली तर ती उचलायला लावली. मुनीम माणूस भर रस्त्यातून बादली घेऊन आला, तोंड अगदी एवढंसं करून. सगळी भांडी कठड्याला ओळीनं लावली, आत्याबाईंची माती काठोकाठ भरली आणि वहाणेखाली धणे रगडून पेरले. मेथी पेरली. पानओव्याच्या आणि गवती चहाच्या काड्या गावाहूनच आणल्या होत्या, त्या खोवल्या. आणि मग रोज सकाळी उठून बघायचं.

सुरुवातीला उगवलंही बाई. बारीक बारीक दोन-दोन पानं. माझा जीव भांड्यात पडला. पण पुढं वाढेचना. पाणी घातलं की माती फुगून चिखल व्हायची आणि वर डबकं साचून राहायचं. एक-दोन उन्हं पडली की तीच माती दगड व्हायची, डब्याची कड सोडायची आणि मधून अशी फाटायची की माझं बोट आत जावं. मग वरून घातलेलं पाणी मुळाला न थांबता कडेच्या फटीतून सरळ खाली. आणि खाली काय? तर अडतीच्या मालकाची, शेठची हळद. पावसाळ्यात दमट झालेली हळद त्यानं अंगणात वाळत घातली होती, त्यावर माझ्या डब्यांचं काळं पाणी टपटपायला लागलं. शेठ खालून ओरडला, "मुनीमजी, वर काय म्हैस बांधली का?" हे खालून "बराबर, बराबर" म्हणत वर धावत आले. डबे सगळे कठड्यापासून आत ओढले. रोपं पिवळी पडली, मग आडवी झाली.

आता कुणालाही वाटेल, मातीचंच काहीतरी चुकलंय एवढं साधं हिला कसं कळलं नाही? नाही कळलं. कळणारच नव्हतं. ती आमची काळी होती. त्या काळीत कापूस माणसाच्या छातीला लागायचा, जवारीत माणूस उभा राहिला तर दिसायचा नाही. काळीला कसं नाव ठेवायचं? मी डब्याला दोष दिला, पाण्याला दिला, वसमतच्या उन्हाला दिला. दृष्ट लागली म्हणून डब्यांना काळा दोरा बांधला, बिब्बा लावला. आणि सगळ्यांत मोठा शहाणपणा काय केला, तर गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप पाठवला, माती कमी पडते, अजून पाठवा. आत्याबाईंनी ओढ्याकाठच्या तुकड्यातली, त्याहून भारी, त्याहून काळी माती पाठवली. मी ती घातली. जे काही तग धरून होतं तेही मेलं.

मागच्या अंगाला एक म्हातारी मुसलमान बाई राहायची. शेळ्या पाळायची. सगळे तिला खाला म्हणायचे. तिच्या दारात एका फुटक्या मडक्यात पुदिना असा माजला होता की मला बघवायचा नाही. तिनं एक दिवस वर येऊन माझ्या डब्यांत डोकावलं आणि म्हणाली, "अगे बहू, मिट्टी भौत भारी है. पानी पीके बैठ जाती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "माझ्या सासूच्या मातीला नावं ठेवू नका. अशी माती तुमच्या अख्ख्या वसमतात न्हाई."

"हौ बाबा," खाला म्हणाली, "तेरी सास की मिट्टी, तू जान." आणि खाली उतरून शेळ्या हाकत निघून गेली. तिला राग आला नव्हता. मला मात्र दिवसभर ते बोलणं झोंबत राहिलं.

दिवाळी आली तरी माझ्या माळवदावर हिरव्याचं नाव नव्हतं. माझं तोंड उतरलेलं बघून हे हळूच म्हणाले, "अगं, भोगीच्या सकाळी मी बाजारातून जुडी आणतो, तू डब्यात खोचून ठेव. आईला कोण सांगतंय?"

मी हातातली परात अशी आदळली की खालून शेठनं वर बघितलं. "आईला फसवायचं? आन तेबी कोथिंबिरीवरून? जनाची न्हाई, मनाची तरी ठिवा काई! मी गावाला जाईन, म्हशीचं शेण काढीन, पन खोचलेली कोथिंबीर आत्याबाईच्या ताटात वाढणार न्हाई."

हे "बराबर" म्हणाले आणि खाली गेले. मी दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. मला जायचं नव्हतं हो. गाव वाईट नव्हतं, सासू वाईट नव्हती. पण इथं सकाळी चहा ठेवला की हे चुलीपाशी येऊन बसायचे, अडतीवरच्या गमती सांगायचे, माणसांच्या नकला करायचे. गावात आईसमोर हा माणूस माझ्याशी चार शब्द बोलत नव्हता. इथं येऊन मला नवरा कळायला लागला होता, आणि संक्रांत जवळ येत चालली होती.

त्यातून सुटका केली ती केराच्या डब्यानं. माळवदाच्या कोपऱ्यात एक डबा मी केरासाठी ठेवला होता. चुलीतली राख त्यात, खोली झाडलेली धूळ त्यात, छतातून पडणारी पांढरी माती त्यात, भांडी घासून उरलेली रेती, हळदीच्या मुळ्यांचा चुरा, भाजीची देठं, निवडलेल्या धण्यांतला कचरा, सगळं त्यातच. ह्यांनी तो कधीच नेऊन ओतायला हवा होता, पण हे नुसतं बराबर म्हणायचे. एक दिवस मीच वैतागून तो डबा ओढायला गेले, तर काय! डबाभर कोथिंबीर. कुणी पेरली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं, मी हात धुतलेलं पाणी भिरकावत होते तेवढंच. पानं अशी रुंद, अशी ताजी, की मी नाक खुपसून तिथंच बसून राहिले.

नंतर बोट खुपसलं. बोट अलगद आत गेलं. माती भुसभुशीत, आतून ओलसर, वरून कोरडी. शेजारच्या डब्यातल्या काळीत खुपसलं तर नख मोडलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रानात काळी कितीही फाटली तरी खाली तिचा थांग नाही, मुळं आपली खोल जातात. डब्यात ती बिचारी कुठं जाणार? खाला बरोबर बोलली होती. आणि मी तिला माझ्या दारात तोडून बोलले होते.

आता उपाय कळला, पण हात धजेना. आत्याबाईंनी चाळून, गोणीचं तोंड स्वतःच्या हातानं शिवून पाठवलेल्या मातीत राख आणि केर कालवायचा? पांढरीबद्दल तर त्या म्हणायच्या, पांढरी भिंतीला असते, पोटाला काळी. पण दुसरी वाटही नव्हती. मी सगळे डबे माळवदावर उपडे केले, मुसळ आणून ढेकळं कांडली. मोठ्यानं म्हटलं, "माय, माफ कर गं, तुला उकिरड्यात मिसळून राहिले," आणि निम्मी काळी, निम्मं बाकीचं असं कालवलं. आत्याबाई आल्या की हे सगळं आपणहून सांगायचं, हेही तेव्हाच ठरवलं. लपवाछपवी मला जमत नाही, तोंडावर दिसते.

खालाकडं गेले. म्हटलं, "खाला, चुकले. भारीच होती माती." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "तेरी सास को मैं नै बोलती, हां!" मग तिनं वाळलेल्या लेंड्यांची टोपली दिली, वर पुदिन्याच्या मुळ्या उपटून माझ्या ओच्यात टाकल्या. मी नको नको म्हणत होते, ते नुसतं म्हणण्यापुरतं.

पुढचे दिवस म्हणजे काय सांगू! थंडी पडली, उन्हं कोवळी झाली, आणि माझं माळवद भरत गेलं. घमेल्यात मेथी, रांजणाच्या बुडात पुदिना, बादलीत गवती चहा, कढल्यात पानओवा, डब्यांत कोथिंबीर मागं-पुढं पेरलेली, म्हणजे एक संपता संपता दुसरी हाताशी. चिमण्या फार त्रास द्यायच्या, त्यांच्यासाठी ह्यांचा फाटका सदरा काठीला अडकवला. शेठ खालून म्हणायचा, "मुनीमजी वर पण उभे, खाली पण उभे!" एकदा खालाची एक शेळी जिना चढून आली आणि मेथीचं घमेलं तिनं साफ केलं. खाला एवढी ओशाळली की तिनं शेळीला माझ्यासमोर उभं करून लांबलचक शिव्या दिल्या. शेळी रवंथ करत ऐकत होती. पानओव्याची भजी केली तेव्हा खुद्द शेठनं वर ताटली पाठवली, भरून द्या म्हणून. माझे पाय जमिनीवर नव्हते.

भोगीच्या आदल्या दिवशी आत्याबाई आल्या. आगगाडीतून उतरल्या, खांद्यावर भाजीचं गाठोडं, आणि ह्यांच्या डोक्यावर गोणी. पुन्हा माती! जिना चढून आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ माळवदावर गेल्या. मी दारात उभी. 

त्या एकेका भांड्यापाशी थांबल्या.  मग कोथिंबिरीच्या एका डब्यात त्यांनी हात घातला, माती उचलली, तळहातावर पसरली, वास घेतला. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ही माझी माती न्हाई."

"तुमचीच हाय आत्याबाई. निम्मी."

"आन निम्मी?"

मी सगळं सांगून टाकलं. नुसती काळी डब्यात कशी फाटली, शेठ कसा ओरडला, केराच्या डब्यात काय निघालं.

"राख घातली?"

"व्हय."

"पांढरी?"

"व्हय."

"शेळीच्या लेंड्या?"

"व्हय."  खाला जिन्यात आली होती, ती तोंडावर हात ठेवून तिथंच थबकली.

आत्याबाईंनी ती माती परत डब्यात टाकली, रोपाच्या बुडाशी दोन बोटांनी दाबली, आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर उठव मला. तीळ मी भाजते."

दुसऱ्या दिवशी भोगीचं जेवण झालं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, मिसळीची भाजी वर मूठभर कोथिंबीर टाकून, कच्च्या मेथीत तेल-तिखट कालवून केलेला घोळाणा, पुदिन्याची चटणी. शेळीच्या तडाख्यातून पुन्हा आलेली मेथी कोवळीच होती, पण होती. आत्याबाई मान खाली घालून जेवल्या. आम्ही दोघं त्यांच्या घासाघासाकडं बघत बसलो. त्यांनी अजून एक भाकरी मागितली, चटणी पुसून खाल्ली, हात धुतला. मग हे न राहवून म्हणाले, "आई, मंग बराबर का?"

"बराबर काय बराबर? जबान म्हंजे जबान. ऱ्हाऊ दे तिला इथं." एवढं म्हणून त्या बाहेर उन्हात जाऊन बसल्या. हे माझ्याकडं बघून हसले, मी ह्यांच्याकडं. मला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

संक्रांत झाली, दुसऱ्या दिवसाची करही झाली. परतीच्या दिवशी सकाळी मी उठले तर आत्याबाई माळवदावर. नवी गोणी सोडून ढेकळं फोडत होत्या, चुलीतली राख घेऊन त्यांनी स्वतःच कालवायला घेतली होती. मी शेजारी बसले. दोघी माती चोळायला लागलो.

"खरं सांगू का तुला?" त्या मातीकडंच बघत म्हणाल्या. "दर बारीला गोनी भरताना मनात यायचं, उगवू नये म्हनून. सुकून जाऊ दे, आन पोरगी येऊ दे परत. आन तरीबी चांगलीच माती भरायचे मी. हलकी देववत न्हवती हातानं."

 "काहून वो आत्याबाई?"

"काहून म्हंजे? घर खायला उठतंय. त्यो तर काय, जलमाचा मुका. पन तू दिवसभर तोंड चालवायचीस, भांडायचीस, तवा कटकट वाटायची. आता एका भाकरीसाठी चूल पेटवायची म्हनलं तर हात चालत न्हाई. लई दिवस तर कालचं शिळंच खाते."

एवढे महिने मी ज्यांच्याशी पैज लावून जिंकायला बसले होते, त्या बाई माझ्यासमोर माती चोळत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून टिपं गळत होती. मला स्वतःच्या जिंकण्याची इतकी लाज कधी वाटली नाही. मी म्हटलं, "मी येते तुमच्यासंगं. आत्ता येते. लुगडी बांधते."

"गप. आता का मला खोटी पाडतीस?" त्यांनी मातीच्या हातानंच डोळे पुसले, गालावर काळं लागलं. "तुझं इथं मूळ धरलंय. मला दिसत न्हाई व्हय?"

स्टेशनावर आम्ही दोघं पोचवायला गेलो. गाडी हलली तशी मी डब्याबरोबर चालायला लागले. आत्याबाई खिडकीतून म्हणाल्या, "फुडल्या बारीला माती न्हाई पाठवत."

मी घाबरले. "काहून? राग आला का वो?"

"राग कशाचा? म्हैस बटईनं देते, रान वाट्यानं लावते. मीच येते."

ह्यांना ते खरं वाटलं नाही. आईनं रान सोडणं म्हणजे काय चेष्टा? मलाही पुरतं खरं वाटत नव्हतं. पण होळीच्या आत एक दिवस दुपारी जिन्यात पावलं वाजली. आत्याबाई. काखेत फक्त एक गाठोडं. वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि ज्या बाईच्या हाकेला दुसऱ्याचे गडी उभे राहायचे तिनं अगदी हळू आवाजात मला विचारलं, "माझं आंथरून कुठं टाकू?"